एकाच खणातल्या चपला

बंगळुरात, बसवनगुडीच्या देवळात दर शनिवारी एक म्हातारे गृहस्थ मोठ्या गाडीतून येतात. चप्पल-स्टँडवर स्वतःच्या चपला ठेवून त्याच खणात, पिशवीतून आणलेल्या, बाईमाणसाच्या चपला पुसून ठेवतात. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. श्रीमंतांना बिचकत नाही. सरळ विचारलं, "अण्णा, अक्का कुठायत?"

"बायको गेली रे," ते मराठीतच म्हणाले. "रोज म्हणायची, चला देवळात. मी म्हणायचो, स्वल्प, थोडं थांब, होसकोटेचा कारखाना उभा राहू दे." मग हसले. "राहिला की उभा! देवही थांबला. तीच नाही थांबली."

दर्शनानंतर त्यांनी आधी तिच्या चपला काढून जमिनीवर सरळ मांडल्या. त्यांत पाय सरकवायला तिला लागला असता तेवढा वेळ ते तिथंच उभे राहिले. मग वाकून त्या उचलल्या आणि पिशवीत घातल्या.