डोळे मिटून तपासलेली शाळा

जाहेदा मॅडमनी सिल्लोडला सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून एका संस्थेसाठी त्या सरकारी शाळा तपासू लागल्या. पाणी, कचरा, झाडं, वीज आणि मुलांना यातलं काय कळतं, असा चाळीस प्रश्नांचा फॉर्म. प्रत्येक प्रश्नाला गुण.

फेब्रुवारीत त्या करमाडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत गेल्या. पाणी कसं वाचवाल, असं चौथीला विचारलं, तर सगळ्यांनी पाच उत्तरं एका सुरात म्हटली. मुख्याध्यापक सुदर्शन सर खूश झाले. मॅडमना मात्र कसंसंच झालं. सिल्लोडला त्यांच्या वर्गातली पोरंही अशीच म्हणायची.

त्यांनी फॉर्म मिटला. "डोळे मिटा बरं सगळ्यांनी. काय काय ऐकू येतंय?"

खुसखुस हळूहळू थांबली. मॅडमनीही डोळे मिटले. लांब शेंद्र्याच्या कारखान्यांची घरघर, जवळ साळुंक्यांची कचकच, खिचडीच्या पातेल्यात फिरणारा झारा. किती वेळ गेला कळेना. सगळी शाळाच उन्हात तरंगत असल्यासारखी वाटली. मग आमरीन नावाची मुलगी झोपेत बोलल्यागत म्हणाली, "टप टप वाजतंय."

"व्हय, मला बी येतंय," कुणीतरी म्हणालं.

आवाजाच्या मागं अख्खा वर्ग बाहेर निघाला. संडासामागं पाइप फुटला होता. खाली गुडघाभर हिरवं रान माजलं होतं आणि त्यावर पिवळी फुलपाखरं. मार्चपासून टँकर लागणाऱ्या त्या गावात ही जागा कुणी पाहिलीच नव्हती. मुलं वाकून बघू लागली.

सरांचा चेहरा पडला. "मॅडम, एवढं लिहू नका."

"गळतीला शून्यच द्यावं लागंल, सर."

"पण पाइप नीट केला तर फुलपाखरं कुठं जातील?" आमरीननं विचारलं. मग वाद पेटला. पाणी आधी का फुलपाखरं आधी? शेवटी कृष्णा म्हणाला, "हात धुतलेलं पाणी इकडं आणू की!"

सरांनी नळापासून संडासामागपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. "उद्या प्लंबर आणतो. पाण्याची चारी तुम्ही खोदायची."

त्या वर्षी तपासलेल्या शाळांत ही शाळा खालून तिसरी आली. यादी पाठवताना मॅडमना वाईट वाटलं, पण आकडा त्यांनी बदलला नाही.

पुढच्या वर्षी त्या परत गेल्या. पाइप कोरडा होता. नळांपासून एक वाकडीतिकडी चारी संडासामागं गेली होती. रान जरा रोडावलं होतं, फुलपाखरं मात्र होती. पाचवीत गेलेल्या आमरीननं एक पान तोडून पुढं धरलं. "मॅडम, ह्याचं नाव काय?"

मॅडमनी पान उलटंपालटं केलं. "मला नाय माहीत गं."

आमरीनला नवल वाटलं. मग दोघी उकिडव्या बसून ते पान निरखत राहिल्या. त्याची मागची बाजू मऊ होती, बोट फिरवत राहावं इतकी.