मळ्यातल्या घरात अडकलेली शिवणमावशी

शिवणमावशी झुरळाला घाबरायची, फोन वाजला की दचकायची आणि दुकानात कुणी आवाज चढवला की तिच्या हातातली कात्री जागीच थांबायची. नवरा होता तेव्हा हसून म्हणायचा, "हिच्या सावलीनेसुद्धा खोकून पुढे यावं." तो गेल्यावर तर ती दिवेलागणीलाच दाराच्या दोन्ही कड्या लावू लागली.

अशी बाई मळ्यातलं घर वाचवायच्या भानगडीत पडली, ती केवळ नाही म्हणता आलं नाही म्हणून.

मळा कधीच गेला होता. चहूबाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मधोमध ते जुनं दगडी, दुमजली घर तेवढं राहिलं होतं, मागे गोठा. पुराच्या साली आमची अर्धी वस्ती त्याच्याच वरच्या मजल्यावर जगली. आता त्या वरच्या खोलीत मावशी मुलींना शिवण शिकवायची. घर धोकादायक ठरवून जागामालक ते पाडणार आणि तिथे गाड्या लावायला जागा करणार, असं कळलं तशी वस्ती खडबडून जागी झाली. प्रकरण कोर्टात गेलं. पण निकालाआधीच कुणी घर पाडू नये म्हणून दिवसभर आळीपाळीने आत बसायचं, ही युक्ती पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याची. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत.

"आत माणूस असलं की पाडायचं मशीन पुढे येत नाही," भोंगा म्हणाला. "मावशी, सकाळची पाळी तुमची. जमेल ना?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मावशीने होकार दिला आणि घरी येऊन जावेपुढे रडली.

"अगं, नाही म्हणायचं होतंस!"

"एवढ्या लोकांसमोर?"

"बरं, मी येते सोबत," जाऊ म्हणाली. "दोघी मिळून घाबरू."

पुढच्याच आठवड्यात एक अनोळखी माणूस दुकानात बटण लावून घ्यायला आला. शर्ट काही त्याने अंगातून काढला नाही. तसाच समोर उभा राहिला. त्याच्या छातीशी वाकून मावशी सुई चालवू लागली.

"हात थरथरतोय, मावशी," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "हाताला जपा. हात गेला की शिवण गेलं. त्या पडक्या घरात कशाला जाता?"

सुई त्याला टोचेल म्हणून तिने श्वास रोखून धरला. तो गेल्यावर तिने दुकान बंद केलं आणि घरी येऊन जावेला सगळं सांगितलं. जाऊ म्हणाली, भोंग्याला सांगू. मावशीने तिचा हात धरला. "त्याला सांगितलंस तर त्या माणसालाही ऐकू जाईल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मळ्यातलं घर उघडून वर गेल्या. जाऊ चष्मा घरीच विसरली होती. "आलेच," म्हणून ती परतली. तिची पावलं वाजेनाशी झाली तोच मागच्या बाजूला घरघर सुरू झाली. मावशीने खिडकीतून पाहिलं. 'आत माणसं आहेत' अशी भोंग्याने रंगवलेली पाटी मागच्या फाटकावरून गायब होती. फाटक उघडं होतं. गोठ्यावर मशीनचा लोखंडी हात उचलला जात होता आणि बाजूला उभा होता तो बटणवाला.

मावशी पळाली. जिना उतरून खाली पोचते तोच गोठा कोसळला. जिन्याखालचं, गोठ्याला लागून असलेलं एकुलतं दार ढिगाऱ्यात अडकलं. तिने खांदा लावला, लाथा मारल्या. दार हलेना. नाकातोंडात धूळ गेली. पुन्हा वर आली तर भिंत हादरत होती, टेबलांवरच्या बॉबिन टपाटप खाली पडत होत्या. ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. खाली कुणाला माहीतच नव्हतं की ती आत आहे.

तिने हाताला लागेल ते खिडकीबाहेर फेकलं. कात्री, रिळांचे डबे, इस्त्री. लोखंडी हात घराकडे वळला. तेव्हा तिने एक शिलाई मशीन ओढत आणलं, खिडकीवर टेकवलं आणि ढकलून दिलं.

लोखंडी हात हवेतच थांबला.

मशीनवाल्याने वर पाहिलं. धुळीने पांढरी झालेली बाई दिसताच तो मशीन बंद करून खाली उतरला. "घर रिकामं आहे म्हणाले होते," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"चालव!" बटणवाला खेकसला.

मशीनवाल्याने किल्ली खिशात घातली. "तुम्हीच चालवा."

तोवर जावेची किंकाळी ऐकू आली आणि पाठोपाठ भोंग्याचा आवाज. लोकांनी दार फोडून मावशीला बाहेर काढलं. ती जावेला अशी बिलगली की सोडवेना.

या प्रकारानंतर कोर्टाने पाडकाम थांबवलं आणि पुढे घर जतन करायचा निकाल दिला. गोठा गेला तो गेलाच. बटणवाल्याला कुणी हात लावला नाही. तो अजून आमच्या रस्त्याने जातो.

निकालाच्या सभेत भोंगा गरजला, "मावशी जागची हलली नाही!"

"मी पळत होते," मावशी म्हणाली. "दार अडकलं म्हणून राहिले."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या. बाई विनयाने बोलतेय, असंच सगळ्यांना वाटलं. जाऊ तेवढी हसली नाही.

शिवणवर्ग त्याच खोलीत भरतो. रस्त्यावरून अवजड गाडी गेली की मावशीचा पाय थांबतो. मुलीही आवाज दूर जाईपर्यंत आपापली मशिनं थांबवतात.