अस्वलाचा आग्रह

पैठण रोडवरच्या आमच्या रिसॉर्टात रविवारी जेवणाच्या वेळी मुलांना भेटायला अस्वल येतं. त्या सोंगाच्या आत असतो करमाड गावचा एक गडी. मी डोशाच्या तव्यावर असते. अस्वलानं बोलायचं नाही, नुसता हात हलवायचा, असा मालकांचा दंडक. पण गावच्या पंगतींत वाढपी म्हणून फिरलेला माणूस तो. बुफेत कुणी कुणाला वाढत नाही, हे त्याला बघवतच नाही. ताट रिकामं दिसलं की आतून दबका आवाज येणारच, "घ्या की, लाजू नका." मी किती दटावलं, ऐकेल तर शपथ.

परवा एक कुटुंब त्याच्यासोबत फोटो काढण्यात गुंग होतं आणि त्यांचे आजोबा रिकाम्या ताटापुढं बसले होते. हा गडी फोटो सोडून माझ्याकडं आला आणि गरम डोसा नेऊन त्यांच्या ताटात वाढला.

"घ्या की, आबा."

आजोबांनी पहिला घास मोडला आणि अस्वलाच्या शिवलेल्या तोंडाला लावला. "आधी तू खा, लेकरा."

नंतर तो स्वयंपाकघरामागं अस्वलाचं मुंडकं न उतरवताच बसून राहिला.

"काढ की रे ते. जेव आता," मी म्हटलं.

"थांबा जरा, ताई," आतून आवाज आला. "लेकरा म्हणले ते मला."