मधली मोकळी ओळ

इंदापूरच्या टायपिंगच्या दुकानातल्या त्या बाई माउस हातात घेण्याआधी पदरानं पुसून घेत.

माझ्या बायकोनं निरवांगी गावात फिरून मेंढपाळांचे जुने शब्द जमवले होते आणि क्रमांक घालून टाइप केले होते. ती गेल्यावर मी काम पुढं चालवलं, पण माझा पहिला शब्द पुन्हा एक या आकड्यानंच सुरू होई. काही केल्या जमेना, म्हणून ते काम त्या बाईंना दाखवलं.

“मधी मोकळी ओळ सोडलीया तुमी, तात्या. कम्प्युटरला वाटतंय, दुसरंच काम काढलं. पुसू का ती?”

“तिथवर बायकोनं लिहिलंय.”

बाईंचा हात थांबला. त्यांनी माउस पुन्हा पुसला.

“मग ऱ्हाऊ द्या. आकडा तेवढा जोडते.”

माझ्या शब्दाला बायकोच्या शेवटच्या शब्दापुढचा आकडा मिळाला. मधली ओळ कोरीच राहिली.