डोळ्यांचं औषध

गेल्या हंगामात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी, अंगणवाडीच्या दारात चार वर्षांच्या सोनीवर अन्याय झाला. तिच्या बापाला तो अन्याय वाटलाच नाही. म्हणूनच त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे.

तो ऊसतोड कामगार, पाथर्डीकडचा. दरवर्षी बैलगाडी घेऊन आमच्या राहुरीच्या बाजूला तोडीला यायचा. मी कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरणारी, म्हणून मला 'कागदवाल्या ताई' म्हणायचा. "द्या एक. चूल पेटवाया लई बरा पडतोय तुमचा कागद." आणि पेटवायचा, माझ्यादेखत.

दिवेलागणीला कोपीसमोर, म्हणजे त्याच्या पाचटाच्या खोपटासमोर, त्याचा खेळ ठरलेला. उसाचं कांडं सोलायचं आणि "झेल गं!" म्हणत अंधुकात उंच उडवायचं. सोनी ते अचूक झेलायची. मग तो आपल्याकडे वळणार, "नजर बघा पोरीची. बघा की तपासून!" तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसून मान डोलावली असती. त्याची धाकटी बहीण लहानपणी रातांधळी होती; दिवस मावळला की भिंत चाचपत चालायची. त्या माणसाला नजर म्हणजे सगळं होतं.

अ जीवनसत्त्वाचा डोस आहे, नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना पाजा, असं मी कोपीकोपीवर सांगून आले होते. हा गडी उसाची खेप बुडवून पोरीला खांद्यावर घेऊन गेला. तासाभरात परत. डोस मिळालाच नव्हता.

अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, "तुम्ही इथले नाही, तुमच्या गावाला घ्या." वर सोनीच्या डोळ्यांत बघून, "हे डोळ्यांचंच औषध असतं. हिचे डोळे तर छान आहेत की."

तो खूश. "सर्टिफिकेट दिलं बाईंनी, ताई! डोळं एक नंबर."

मी तापले. "चला परत. हक्काचा डोस आहे तिचा."

"कशाला भांडता? जिला दिसत न्हाई तिला घेऊ द्या की. आमच्या सोनीला काय कमी हाय?"

मी एकटी गेले, भांडले. "पुढच्या फेरीला बघू," एवढंच मिळालं. पुढच्या फेरीपर्यंत हंगाम संपून बिऱ्हाडं हललेली असतात, हे काय त्यांना माहीत नव्हतं?

शिमग्याच्या आधी सोनीला हगवण लागली. कोपीवर पाणी कालव्याचं. बरी व्हायची, पुन्हा लागायची. तालुक्याच्या दवाखान्यात आम्ही नेली तेव्हा तिने बापाच्या खांद्यावर मान टाकली होती. तिथून ती परत आली नाही.

लस, डोस सगळे झालेत का, असं डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं होतं. तो म्हणाला होता, "समदं झालंय. डोळ्याचं तेवढं ऱ्हायलं." सगळं संपल्यावर त्याला राहवेना. "त्याचं काय न्हाई ना, डॉक्टर?"

डॉक्टर तरुण होते, खोटं बोलले नाहीत. अ जीवनसत्त्वापासून शरीर एक आम्ल तयार करतं. आतड्याचं अस्तर त्याच्यावर टिकतं. रोगाशी लढणाऱ्या पेशींना आतड्याकडे पाठवण्याचं कामही तेच करतं. साठा घटला की डोळ्यांवर काही दिसायच्या आत ही लढाई ढिली पडू शकते. डोस मिळता तर सोनी जगलीच असती, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणणार नाही.

"म्हंजी डोळ्याचं न्हाई व्हय ते?"

"डोळ्यांचंही. सगळ्या अंगाचंच."

"मग डोळ्याचं का म्हनत्यात?"



टोळी निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला मी गेले. त्याने सवयीने कांडं सोललं. हात वर गेला. तिथेच थांबला, खाली आला, आणि कांडं बैलाच्या तोंडाशी गेलं. "खा," म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "कागद आनला का, ताई?"

दिला. त्याने चुलीत घातला नाही. घडी करून खिशात ठेवला.

यंदा टोळी आली, तो नाही आला. मुकादम म्हणाला, "त्यो कर्नाटकात गेला. हिकडची वाट नको म्हन्ला."

तुमच्या शिवारातही कोप्या पडल्या असतील. उद्या अंगणवाडीत जा. कोपीवरच्या पोरांचे डोस राहिलेत का, विचारा. राहिले असतील तर ते पाजल्याशिवाय उठू नका. "पोरांचे डोळे तर छान आहेत," असं कोणी म्हणालं, तरी उठू नका.