दोन मिनिटांचं काम

एका सोमवारी माझा भाऊ चकमकीत मारला गेला. तो फौजदार होता. त्याच्या पिस्तुलातून पहिली गोळी सुटली, दुसरी वर आलीच नाही.

वर्षभराने शाळेची मुलं घेऊन मी पोलिसांच्या शस्त्रप्रदर्शनाला गेले. एका हवालदारांनी पांढऱ्या कापडावर पिस्तूल पूर्ण सुटं केलं, एकेक भाग तेलाच्या फडक्याने पुसला आणि मॅगझिनमधली जुनी स्प्रिंग काढून नवी बसवली.

"बाई, ही दमली की गोळी वर ढकलत नाही. बदलायला दोन मिनिटं लागतात."

"मग वेळेवर बदलत का नाहीत?"

"अर्ज लागतो ना!"

भावाचा तो अर्ज मीच लिहिला होता. "ताई, तुझं मराठी बघून साहेब गार होतील," असं भाऊ हसत म्हणाला होता. मी लिहिलं, 'स्प्रिंग आपल्या सोयीनुसार बदलून मिळावी.' तो जाईपर्यंतच्या आठ महिन्यांत कुणाला दोन मिनिटांची सोय झाली नाही. आपण दमल्याचं लोखंडसुद्धा सांगतं. ऐकणारे ते वाचून फाइलला लावतात. सभ्य भाषेचा मला इतका संताप कधी आला नव्हता, माझ्या स्वतःच्याही. मुलं टाळ्या वाजवत होती.

त्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. तिच्यावर 'मिळाला' असा शिक्का आहे.