लांब दांड्याचा पाना
गाडीची डिकी उघडली की पान्याला गंज लागू नये म्हणून लावलेल्या तेलाचा वास येतो आणि नंदुरबारातलं ते हार्डवेअरचं दुकान आठवतं. यजमान गेल्यानंतरचे दिवस होते. अंगणातल्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं आणि बोल्ट जागचे हलत नव्हते. पान्यावर उभं राहून ते आवळायची त्यांची सवय होती. बाजारातल्या मिरचीच्या ठसक्याने खोकत दुकानदाराने चार तोंडांचा पाना पुढे केला. "हाऊ लई जा, ताई. एक बाजू तुम्ही धरा, दुसरी भाऊ धरतीन." मी म्हटलं, "मी एखलीच शे." त्याने तो पाना मागे घेतला आणि लांब दांड्याचा काढला. "मंग हाऊ. पन जॅक लावाना आधी बोल्ट ढिला करा. चाकले जमीन धरी ठेवस." घरी येऊन मी जॅक न लावता, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच दांड्यावर सगळं वजन टाकलं. शेवटचा बोल्ट करकरत सुटला, तेव्हा वाटलं, त्यांच्या हातचं घट्ट असं आता घरात काही उरलं नाही. मग उठून हात धुतले. हल्ली बोल्ट मी माझ्या ताकदीपुरतेच आवळते. सोडवायलाही मीच असते.